तत्रैव

ताळगावच्या पठाराखाली माझं दुकान.
झेरॉक्स, डीटीपी, बाइंडिंग.
पाटीवरच्या बाइंडिंगचा अनुस्वार कधीच उडालाय,
तो मी दुसऱ्यांच्या प्रबंधांत
शोधून शोधून लावत असतो.

मार्च संपत आला की मुलं येतात,
पेनड्राइव्ह गळ्यात, डोळे सुजलेले.
डावा समास दीड इंच, तिथे शिवण बसते.
बाकी तिन्हीकडे एकेक.
आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव,
वर्ष कंसात, ग्रंथाचं नाव तिरकं.
मी दहावी नापास.
पण पूर्णविराम कंसाच्या आत की बाहेर
हे विचारायला एकदा एक प्राध्यापक आले होते,
स्कूटर चालूच ठेवून.

सुलक्षा गांवस, एम. ए. भाग दोन.
विषय: चोडण बेटावरील खाजन शेतीची शब्दसंपदा.
'मानस' या शब्दाखाली संगणकाने
लाल रेघ काढली नव्हती,
त्याला वाटलं, मन.
तिच्या मॅडमनाही आधी तसंच वाटलेलं.
ती मला समजावू लागली,
भरतीचं पाणी अडवायची लाकडी दारं असतात, काका,
बांधाच्या तोंडाशी.
मी म्हटलं, हो का.

पान एकसष्ट, तळटीप चौदा:
माहितीदार क्र. ७, पुरुष, वय ७८,
मानशीवरचा राखणदार.
मुलाखत १४ मे. कालावधी दोन तास दहा मिनिटं.
आणि वर मजकुरात, अवतरणचिन्हांत,
'उदकाक वाट दिवची पडटा,
ना जाल्यार तें आपूणच घेता.'

माझा हात माउसवर तसाच राहिला.
हे वाक्य मी कंदील धरून ऐकलंय,
नऊ वर्षांचा असताना, गुडघाभर चिखलात,
तो फळी ठोकत होता
आणि माझ्याशी बोलतोय की पाण्याशी
ते कळत नव्हतं.

दर रविवारी मी फोन करतो.
जेवलो? जेवलों.
गुळयो? घेतल्यो.
मग तो म्हणतो, दवर, बिल चडटा.
आता चढत नाही, किती वेळा सांगितलं.
एक मिनिट चाळीस सेकंद,
फोनच सांगतो.

दोन तास दहा मिनिटं.

म्हटलं, सुलक्षा, या सातव्यांचं नाव का नाही घातलंस?
नियम आहे, काका,
माहितीदाराची ओळख उघड करायची नसते.
मी मान डोलावली. नियम मला कळतात.
तरी मनातल्या मनात एकदा लावून पाहिलं:
चोडणकर, उगो.
स्वल्पविरामानंतर एक मोकळी जागा सोडून.

पुढच्या टिपांत तिने पुन्हा पुन्हा
सगळी ओळ लिहिली होती,
पुरुष, वय, राखणदार, तारीख.
एवढं नको, म्हटलं,
लागोपाठ तोच आधार असेल तर एकच शब्द पुरतो.
पंधरा, तत्रैव.
सोळा, तत्रैव.
सतरा, तत्रैव.
म्हणजे काय हो, तिने विचारलं.
त्याच जागी, मी म्हटलं.
सत्तेचाळीस वर्षं, हे नाही म्हटलं.
बेटावरून पहिली फेरी पकडून गेलेला
या पानावर कुठेच नव्हता,
त्याला टीप लागत नाही.

मग मला राहवेना.
चौदाव्या टिपेत शिरलो,
अठ्ठ्याहत्तर खोडलं, एकोणऐंशी केलं.
काका, अठ्ठ्याहत्तरच आहे ते,
त्यांनी स्वतः सांगितलं मला.
म्हटलं, तो विसरतो.
शिगम्यात लागलं एकोणऐंशी.

ती माझ्याकडे बघत राहिली.
बाहेर कुणीतरी आधार कार्डाच्या दोन प्रती मागत होतं.
मग वही उघडून,
पेन दातांतून काढत
तिने हळूच विचारलं,
याला संदर्भ काय देऊ?

प्रिंटरमधला कागद संपला होता.
मी खाली वाकून नवं रिम फोडलं.